केलांतान लेनचं दार आणि त्याच दिवशीची गोळी



सिंगापूरच्या इतिहासावर इथे बरंच लिहून झालं आहे. रॅफल्स झाला, रबर झालं, जपानी अंमल झाला, १९६५ ची ताटातूट झाली. आज जरा वेगळ्या विषयावर लिहितो आहे. गणपतीच्या मीटिंगला किंवा कोंडोच्या बार्बेक्यूला आपण त्याबद्दल बोलत नाही. पण तो आपल्याशी किती संबंधित आहे हे आपल्या स्वतःच्या फायलीतच दिसतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाससाठी किंवा पीआरसाठी मेडिकल दिली आहे. छातीचा एक्स-रे आणि रक्ताची चाचणी. एक्स-रे टीबीसाठी, रक्त एचआयव्हीसाठी. आपण फॉर्मवर सही केली, पैसे भरले आणि विसरून गेलो. पण त्या एका ओळीमुळे या देशात 'एचआयव्ही' हा शब्द आजाराशी जितका जोडला गेला, तितकाच राहण्याच्या परवानगीशीही जोडला गेला. पुढचा सगळा इतिहास त्या संदर्भातच वाचायला हवा.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी आज उपलब्ध आहे. तिला 'प्रेप' म्हणतात. एचआयव्ही नसलेल्या माणसाने ती नीट घेतली तर लैंगिक संबंधातून संसर्ग होण्याची शक्यता जवळजवळ नाहीशी होते. जगातल्या कित्येक शहरांत माणूस क्लिनिकमध्ये शिरतो, चाचणी देतो आणि त्याच दिवशी गोळ्यांची बाटली घेऊन बाहेर पडतो. दार ते गोळी हे अंतर एका दिवसावर आणायला वैद्यकशास्त्राला फार वेळ लागला नाही. खरा वेळ लागला तो भीतीला. 'आपलं नाव कुठे लिहिलं जाईल' ही ती भीती, आणि ती काही उगाच निर्माण झालेली नाही.

सुरुवात दीडशे वर्षं मागे जाऊन करू. सिंगापूर १८६७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्याच अखत्यारीत होतं, त्यामुळे दोन्हीकडचे कायदे भावंडांसारखे दिसतात. हिंदुस्थानात १८६८ मध्ये 'सांसर्गिक रोगांचा कायदा' आला, तो मुंबईतही लागू झाला. इकडे स्ट्रेट्स सेटलमेंट्समध्ये त्याच धर्तीचा वटहुकूम १८७० मध्ये आला. दोन्हीचा गाभा एकच: गोऱ्या सैनिकांना आणि खलाशांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून वेश्याव्यवसायातल्या बायकांची नोंदणी करायची, सक्तीने तपासणी करायची आणि रोग आढळला तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये ठेवायचं. पुरुषांची तपासणी नाही, त्यांची नोंदही नाही. इंग्लंडमधल्या चळवळीच्या रेट्यामुळे १८८८ मध्ये दोन्हीकडचे कायदे मागे घेतले गेले. पण लोकांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: असल्या दवाखान्यात पाऊल टाकलं की नाव सरकारी वहीत चढतं. मराठीत आपण या आजारांना 'गुप्तरोग' म्हणतो. रोग गुप्त नसतो, रोगी गुप्त राहायला बघतो.

सिंगापुरात या दवाखान्यांचा पत्ता बऱ्याच काळापर्यंत मिडल रोड होता. बुगिसजवळचा तोच रस्ता. एकेकाळी ती जपान्यांची वस्ती होती आणि तिथे त्यांचं रुग्णालय होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने ती इमारत लैंगिक आणि त्वचारोगांसाठी वापरायला घेतली. जुन्या सिंगापूरकरांसमोर 'मिडल रोड हॉस्पिटल' म्हटलं की ते अजून थोडं गालात हसतात, आपल्याकडे 'येरवडा' म्हटल्यावर हसतात तसं. १९८८ मध्ये ते बंद झालं. त्वचारोगाचं काम मँडलाय रोडच्या नॅशनल स्किन सेंटरकडे गेलं, आणि लैंगिक आजारांसाठी केलांतान लेनवर 'डीएससी क्लिनिक' आलं. जालान बसार भागात, लिटल इंडियातून चालत जाण्याइतकं जवळ. मुस्तफात तांदूळ-डाळ आणायला जाणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांनी त्या गल्लीच्या तोंडावरून टॅक्सी नेली असेल.

इथे थोडं विषयांतर, पण ते आपल्या घरचंच आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनला मेरी स्टोप्सबाईंचं क्लिनिक उघडलं. कर्व्यांनी गुप्तरोगांपासून बचावाबद्दलही उघडपणे लिहिलं. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. प्राध्यापकाची नोकरी गेली, खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड भरला, मासिक चालूच ठेवलं. पण माझ्या दृष्टीने कर्व्यांची सगळ्यात व्यवहारी गोष्ट वेगळीच आहे: त्यांच्याकडे सल्ला आणि साधन एकाच ठिकाणी मिळायचं. 'विचार करून पुढच्या महिन्यात या' अशी भानगड नव्हती. लाजऱ्या गिऱ्हाईकाला दुसऱ्यांदा यायला लावलं तर तो येत नाही, हे त्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

आता परत सिंगापूर. इथे एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८५ मध्ये सापडले. १९८८ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ डॉ. रॉय चॅन आणि इतरांनी 'अॅक्शन फॉर एड्स' ही संस्था काढली. १९९१ मध्ये या संस्थेने निनावी चाचणी सुरू केली. नाव नाही, ओळखपत्र नाही, फक्त एक नंबर. नंबर सांगा, निकाल घ्या. सव्वाशे वर्षांच्या वहीवरचा हा सगळ्यात साधा उपाय होता: वहीच ठेवायची नाही. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, कायद्याने उलट दिशेला पाऊल टाकलं. एचआयव्ही असलेल्याने संबंधांपूर्वी जोडीदाराला ते सांगितलं नाही तर तो गुन्हा ठरला. हेतू समजण्यासारखा आहे. पण याची एक बाजू अशी की ज्याने चाचणीच केली नाही, त्याला 'माहीत' नाही, म्हणून तेव्हा त्याच्यावर जबाबदारीही नव्हती. चाचणी टाळणाऱ्याला कायद्यानेच कारण दिलं.

चेहरा मिळायला आणखी सहा वर्षं लागली. १२ डिसेंबर १९९८ ला पॅडी च्यू या माणसाने आपल्याला एड्स असल्याचं जाहीरपणे सांगितलं. असं करणारा तो पहिला सिंगापूरकर. तो पूर्वी विमानात फ्लाइट स्टुअर्ड होता. १९९९ च्या मे महिन्यात त्याने स्वतःच्या आयुष्यावरच्या नाटकात स्वतः काम केलं आणि ऑगस्टमध्ये तो गेला. चाळीसही पूर्ण झाली नव्हती.

तेव्हा औषधं होती, पण किंमत वर्षाला दहा-बारा हजार अमेरिकन डॉलर. मुंबईचं नाव या गोष्टीत इथे येतं. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी. जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झाली. हे शक्य झालं कारण भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळत होतं. वेगळ्या पद्धतीने तीच गोळी बनवा, कोणी अडवणार नाही. २००५ मध्ये कायदा बदलला, पण तोवर कुरकुंभ, पाताळगंगा, गोवा इथल्या कारखान्यांना हे काम हातचं झालं होतं. पुण्याहून सोलापूरला जाताना कुरकुंभ एमआयडीसी लागते ना, तीच.

गोळी उपचाराची असताना ती प्रतिबंधाची कशी झाली? टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन ही दोन औषधं विषाणूला पेशीत शिरल्यावर स्वतःची नक्कल करू देत नाहीत. मग प्रश्न असा आला की विषाणू येण्याआधीच औषध रक्तात असेल तर? २०१० मध्ये 'आयप्रेक्स' या चाचणीचा निकाल आला. सहा देशांतले २४९९ लोक, आणि गोळी दिलेल्या गटात संसर्ग ४४ टक्क्यांनी कमी. ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं, म्हणजे ज्यांनी गोळ्या नियमित घेतल्या, त्यांच्यात फायदा कितीतरी जास्त. १६ जुलै २०१२ ला अमेरिकेने 'त्रुवाडा' या गोळीला प्रतिबंधासाठी मान्यता दिली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोठी जोखीम असलेल्या सगळ्यांसाठी तिची शिफारस केली.

पण माझ्या मते या विषयातला सगळ्यात बोलका अभ्यास इंग्लंडमधला 'प्राउड'. तेरा क्लिनिकं, ५४४ पुरुष. अर्ध्यांना गोळी लगेच दिली, अर्ध्यांना सांगितलं की वर्षभर थांबा, मग देऊ. खोटी गोळी कोणालाच नाही. म्हणजे या अभ्यासाने गोळीबरोबर थांबणंही मोजलं. लगेच गोळी मिळालेल्यांत संसर्ग झाला तिघांना, थांबलेल्यांत वीस जणांना. ऑक्टोबर २०१४ मध्ये देखरेख समितीने सांगितलं की आता कोणालाच थांबवू नका, सगळ्यांना गोळ्या द्या. आपण सॉफ्टवेअरवाले 'कॉस्ट ऑफ डिले' हा शब्द मीटिंगमध्ये सहज वापरतो. इथे ती किंमत माणसांत मोजलेली आहे: तीन विरुद्ध वीस.

एवढं होऊनही ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१६ मध्ये 'हे आमचं काम नाही' म्हणून हात वर केले. प्रकरण कोर्टात गेलं, सरकारी सेवा हरली. या मधल्या काळात लोकांनी काय केलं? इंटरनेटवरून भारतीय गोळ्या मागवल्या. लंडनच्या सोहो भागातल्या '५६ डीन स्ट्रीट' या क्लिनिकने असल्या लोकांच्या रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासलं. गोळ्या अस्सल निघाल्या. बहुतेकांकडे होती सिप्लाची टेनव्हिर-ईएम. मुंबईच्या कंपनीची गोळी सोहोत पोचली, पण ती वापरायची परवानगी पोचायला वेळ लागला, अशी गंमत.

आता 'त्याच दिवशी'चा मुद्दा. डॉक्टर सुरुवातीला थांबायला का सांगायचे? कारणं खरी होती. गोळी सुरू करताना माणसाला आधीच एचआयव्ही असेल तर दोन औषधं उपचाराला अपुरी पडतात आणि विषाणू त्यांना दाद न देणारा होऊ शकतो. टेनोफोव्हिरचा मूत्रपिंडावर थोडा परिणाम होऊ शकतो. हेपेटायटिस-बी असेल तर गोळी मध्येच बंद करणं धोक्याचं. म्हणून पद्धत अशी: आज रक्त द्या, आठवड्याने रिपोर्ट घ्यायला या, मग डॉक्टरांची अपॉइंटमेंट, मग फार्मसी. कागदावर चार पायऱ्या. ऑनलाइन दुकानात चेकआउटला एकेक पान वाढवलं की किती गिऱ्हाईकं गळतात हे ज्यांनी लॉग बघितलेत त्यांना सांगायला नको. आणि ते गिऱ्हाईक तरी लाजत नसतं.

पुढे दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, एचआयव्हीची जलद चाचणी अर्ध्या तासात निकाल देते. अलीकडे ताप, पुरळ, घशाला सूज असं काही झालंय का हे विचारलं की अगदी ताजा संसर्ग असण्याची शंकाही बरीचशी दूर होते. दोन, तरुण आणि धडधाकट माणसाच्या मूत्रपिंडाचा रिपोर्ट काही दिवसांनी आला तरी त्या दिवसांत बिघडत नाही. मग क्रम उलटा केला. जलद चाचणी निगेटिव्ह आली की बाकीच्या तपासण्यांसाठी रक्त काढून घ्यायचं आणि बाटली हातात द्यायची. रिपोर्टमध्ये काही वावगं आलं तर फोन करून बोलवायचं. अपवादासाठी सगळ्यांना रांगेत उभं करायचं नाही. शिवाय ज्याचा धोकादायक प्रसंग नुकताच, म्हणजे ७२ तासांच्या आत घडलाय त्याची वाट वेगळी: त्याला 'पेप', २८ दिवसांचा कोर्स, आणि तोही तातडीने. तिथे तर तासांचा हिशोब असतो.

आपल्या शेजारी हे सगळ्यात चांगलं जमवलं बँकॉकने. थाई रेड क्रॉसचं 'अॅनोनिमस क्लिनिक' १९९१ चं, म्हणजे सिंगापूरच्या निनावी चाचणीच्या वयाचंच. २०१४ च्या अखेरीस त्यांनी 'प्रेप-३०' काढलं: दिवसाला ३० बाथ. नंतर तिथल्या समाजगटांतल्याच प्रशिक्षित लोकांनी चाचणी करून गोळ्या द्यायला सुरुवात केली. ही कल्पना मराठी माणसाला नवी वाटू नये. सांगलीत 'संग्राम'ने १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांच्याच हाती एड्स प्रतिबंधाचं काम दिलं होतं. ज्याला गरज आहे त्याच्यासारखाच माणूस समोर असला की अर्धी भीती दारातच राहते. सिंगापुरात जेव्हा ही गोळी ब्रँडच्या भावाने महाग होती, तेव्हा इथले कित्येक जण वीकेंडला बँकॉकला जाऊन तीन महिन्यांच्या गोळ्या घेऊन येत.

मग सिंगापुरात अडलं कुठे? गोळी इथेही आली. डीएससी क्लिनिकमध्ये मिळते, सार्वजनिक रुग्णालयांत मिळते, खाजगी क्लिनिकांतही मिळते. पण प्रेपमध्ये एक पेच आहे. निनावी चाचणी नंबरवर होते. प्रेप म्हणजे दर तीन महिन्यांनी तपासणी आणि डॉक्टरची चिठ्ठी, म्हणजे नाव आणि फाइल. दीडशे वर्षांपूर्वीची वही पुन्हा टेबलावर आली. आणि नेमकी वहीच फुटली.

२८ जानेवारी २०१९ ला आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की एचआयव्ही नोंदवहीतली १४,२०० लोकांची माहिती बाहेर गेली आणि इंटरनेटवर टाकली गेली. त्यात ५,४०० सिंगापूरकर आणि ८,८०० परदेशी. हो, परदेशी जास्त. आपल्यासारखेच, पाससाठी रक्त दिलेले लोकही त्यात आले. ही कुठल्या हॅकरची करामत नव्हती. ज्याच्याकडे कायदेशीर प्रवेश होता अशा डॉक्टरच्या ताब्यातली फाइल त्याच्या अमेरिकन जोडीदारापर्यंत गेली. या जोडीदाराने स्वतःचा पास वाचवण्यासाठी आधी चाचणीला त्या डॉक्टरचं रक्त दिलं होतं. म्हणजे पासची अट, तिच्यातून खोटेपणा, आणि शेवटी हजारो लोकांची नावं चव्हाट्यावर. लंडनच्या ५६ डीन स्ट्रीटनेही २०१५ मध्ये एक वार्तापत्र पाठवताना सुमारे ७८० जणांचे पत्ते 'बीसीसी'ऐवजी 'टू'मध्ये टाकले होते. मोठा दंड झाला. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही किरकोळ चुका, एक पेनड्राइव्ह आणि एक चुकीचा रकाना. परिणाम मात्र पुढची कित्येक वर्षं रिकाम्या खुर्च्यांत दिसतो.

पुढची वर्षं मात्र बरी गेली, हेही लिहायला हवं. १९३८ मध्ये इंग्रजांनी इथे घातलेलं ३७७-अ कलम २९ नोव्हेंबर २०२२ ला संसदेने रद्द केलं. भारतात सुप्रीम कोर्टाने ३७७ ची धार ६ सप्टेंबर २०१८ ला काढली होती. मार्च २०२४ मध्ये सिंगापूरच्या संसदेने १९९२ चा नियमही सैल केला: उपचाराने ज्यांच्या रक्तात विषाणू सापडतच नाही इतका कमी झालाय, त्यांना जोडीदाराला सांगण्याची सक्ती राहिली नाही, कारण अशा माणसाकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. आणि आकडे? २००७ ते २०१७ या काळात दरवर्षी साधारण ४०० ते ५०० रहिवाशांना नव्याने एचआयव्हीचं निदान होत होतं. २०२३ मध्ये १८९ आणि २०२४ मध्ये १५१. श्रेय एकट्या गोळीचं नाही. चाचण्या वाढल्या, उपचार लवकर सुरू झाले. पण नव्याने निदान होणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण आजार बराच पुढे गेल्यावरच कळतात. म्हणजे हे लोक कित्येक वर्षं त्या दारावरून चालत गेले आणि आत शिरले नाहीत.

आता आपलं. आपल्यात लग्न न झालेली, दोन-दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर आलेली मुलं आहेत. बायको पुण्यात आणि स्वतः इथे असे आहेत. समलिंगी मुलंमुली आहेत, ती मंडळाच्या दिवाळीला येतात आणि 'लग्न कधी' या प्रश्नावर हसतात. २०१५ मध्ये सिंगापूरने एचआयव्ही असलेल्या पर्यटकांवरची बंदी उठवली, पण दीर्घ मुदतीच्या पासची अट ठेवली. त्यामुळे आपल्या माणसाला भीती दुहेरी: आजाराची आणि तिकिटाची. या भीतीने तो चाचणी टाळतो, गोळीही टाळतो, आणि ज्या संसर्गामुळे पास जाईल त्याचीच शक्यता वाढवतो. हे गणित उलटं आहे. प्रेप घेणारा माणूस एचआयव्ही नसलेला असतो. ती गोळी घेणं म्हणजे आजार असणं नव्हे. आणि नाव द्यायचंच नसेल त्यांच्यासाठी निनावी चाचणी १९९१ पासून आहे.

ज्या क्लिनिकांना हे जमलं त्यांनी फक्त गोळी स्वस्त केली नाही. त्यांनी प्रश्न कमी केले, फेऱ्या कमी केल्या, आणि नाव कुठे जातं हे आधी सांगितलं. आपल्या हाती तेवढी धोरणं नाहीत. पण एखाद्या रूममेटने रात्री दबक्या आवाजात काही विचारलं तर 'उद्या बघू' न म्हणता ७२ तास हा आकडा लक्षात ठेवणं आणि त्याच्याबरोबर टॅक्सीत बसणं हातात आहे. थांबण्याची किंमत किती, ते 'प्राउड'ने मोजून ठेवलंय.

मिडल रोड हॉस्पिटलच्या काळापासून इथे असलेल्या जुन्या मंडळींनी त्याबद्दल जरूर लिहावं. औषध कंपन्यांत काम करणाऱ्यांनी कुरकुंभ-पाताळगंगेबद्दल भर घालावी.